लगामाला लटकणारा नवशिका स्वार: घोडं नेमकं कुठं पेंड खातं?

मित्राला घोड्यावर बसवलं, पहिले दोन दिवस साधी चाल छान जमली, आणि दुडकी (चालीहून जलद, उसळती गती) सुरू केली की रोज तेच. पाच-सहा पावलांत तो खोगिरावर आपटायला लागतो, खांदे कानापर्यंत चढतात, मुठी छातीशी येतात आणि लगाम ताणला जातो. घोडा मान वर फेकतो, तोंड उघडतो, एक तर थबकतो नाहीतर वेग वाढवतो. मित्राला वाटतं घोडा ऐकत नाही, म्हणून तो आणखी ओढतो. तुम्ही रिंगणाच्या मधून ओरडता, "अरे, लगाम सैल सोड!" तो सोडतो, दोन पावलं बरी जातात, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे ओरडून सुटत नाही, कारण दुखणं हातात नाहीच. तोल जातोय आणि जे हाती लागेल ते शरीर धरतंय. बुडत्याला काडीचा आधार. इथली काडी म्हणजे लगाम, आणि तिचं दुसरं टोक घोड्याच्या तोंडात आहे. कडियाळं, म्हणजे लगामाचा तोंडातला धातूचा भाग, जिभेवर आणि पुढचे दात व दाढा यांच्यामधल्या बिनदाती हिरडीवर टेकलेलं असतं. त्या हिरडीखाली लगेच हाड आहे, मधे मांस असं नाहीच. तिथे सततचा ताण आला की घोडा त्यापासून सुटायला बघतो, आणि त्याची सुटण्याची पहिली पद्धत म्हणजे पुढे पळणं. म्हणून ओढल्यावर वेग वाढतो. यात घोड्याचा हट्ट शोधत बसू नका.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

दोन चाचण्या आहेत, दोन्ही मिळून दहा मिनिटांच्या.

पहिली: घोडा उभा करा, कुणाला तरी तो धरायला सांगा. मित्राने हात कमरेवर ठेवून रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) उभं राहायचं आणि सावकाश दहा अंक मोजायचे. तो मागे खोगिरावर बदकन बसला तर पावलं कमरेच्या पुढे गेली आहेत, म्हणजे खुर्चीत बसल्यासारखी बैठक आहे. पुढे मानेवर कोसळला तर पोटऱ्या मागे सरकल्या आहेत आणि टाचा वर आहेत. नीट उभंच राहता येत नसेल, फक्त पायाची बोटं रिकिबीला पोचत असतील, तर रिकिबी ज्यांवर लटकतात ते पट्टे लांब आहेत.

दुसरी: लगाम काढूनच घ्या. घोडा लाँजच्या दोरीवर (मधे उभं राहून घोडा गोलात फिरवायची लांब दोरी) फिरवा, मित्राला खोगिराचा पुढचा उंचवटा धरायला सांगा आणि दहा पावलं दुडकी करा. मान फेकणं बंद झालं तर कारण स्वाराचे हात, म्हणजे पर्यायाने त्याचा तोल. लगामाला कुणी हात लावलेला नसतानाही घोडा मान फेकत असेल तर स्वाराला शिकवणं थांबवा आणि घोडा तपासा. ते पुढे येतंच.

दोन्हींच्या आधी, हेल्मेट घोडेस्वारीचंच असावं (सायकलचं चालत नाही) आणि बुटाला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची टाच असावी. टाच नसलेला बूट रिकिबीतून आरपार जातो, आणि पडल्यावर पाय अडकून फरफटत जाणं हा या खेळातला सगळ्यात वाईट अपघात आहे. रिकीबही बुटापेक्षा साधारण अडीच सेंटिमीटर रुंद हवी. फार अरुंद असली तर पाय अडकतो, फार रुंद असली तर आरपार जातो.

पट्टे आणि तंग

निम्म्या वेळा दोष इथेच सापडतो, आणि तो दोन मिनिटांत दुरुस्त होतो. जमिनीवर उभं राहून हाताच्या बोटांची टोकं पट्टा खोगिराला जिथे अडकतो तिथे टेकवायची आणि पट्टा हाताखालून ताणायचा. रिकीब काखेत आली की अंदाजे माप झालं. खरं माप वर बसल्यावर. पाय रिकिबीतून काढून सैल सोडले की रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाला लागला पाहिजे. नवशिके बहुतेक पट्टे लांब मागतात, कारण उभ्या घोड्यावर ते आरामाचं वाटतं. दुडकीत मात्र तेच पाय रिकीब शोधत खाली लोंबतात, टाच उचलते आणि तोल हातावर येतो. फार आखूड पट्टा गुडघे वर ढकलतो आणि बूड मागच्या उंचवट्यावर नेऊन टेकवतो. बदल करायचा तो एका वेळी एकाच भोकाचा.

दोन्ही बाजूंची भोकं मोजून सारखी आली म्हणजे पट्टे सारखे झाले असं नाही. घोड्यावर नेहमी डावीकडून चढलं जातं, त्यामुळे डावा पट्टा हळूहळू ताणला जाऊन लांबतो. घोड्याच्या समोर उभं राहून दोन्ही रिकिबी एका पातळीत आहेत का ते डोळ्यांनी बघा, आणि पट्टे अधूनमधून अदलाबदल करून लावा.

तंग, म्हणजे खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा, तीनदा बघायचा: चढण्याआधी, पाच मिनिटं चालल्यावर, आणि पहिल्या दुडकीच्या आधी. खोगीर चढवताना पुष्कळ घोडे पोट फुगवून ठेवतात. चालले की पोट बसतं आणि घट्ट वाटलेला तंग ढिला होतो. तंग आणि घोड्याचं अंग यांच्यात दोन बोटं जेमतेम जावीत. खोगीर एका बाजूला कलत असेल तर मित्र वाकडा बसतो की तंग ढिला आहे, हे मागून बघून ठरवा. पण मागून म्हणजे दोन घोडे मावतील एवढ्या अंतरावरून, आणि घोडा चालत असताना. घोड्याला जवळपास चहूबाजूंचं दिसतं, पण अगदी शेपटामागचं दिसत नाही. चढताना ठोकळा वापरा. जमिनीवरून लटकत चढणारा माणूस खोगीर रोज डावीकडे ओढून ठेवतो.

खोगिराकडेही एकदा बाजूने बघा. बसण्याचा सगळ्यात खोल भाग मध्यावर हवा. तो मागे असेल तर कितीही शिकवा, मित्र खुर्चीतच बसणार आणि तुम्ही विनाकारण त्याला बोल लावणार.

मांड बसली नाही तर पुढचं काहीच बसत नाही

एक कडक लाकडी स्टूल घ्या. मित्राला त्यावर बसवा आणि त्याला स्वतःचे तळवे बुडाखाली घालायला सांगा. दोन टोकदार हाडं हाताला टोचतील. आता पाठीला पोक आणला की ती हाडं पुढे सरकतात, कंबर पोकळ केली की मागे जातात, आणि ताठ पण सैल बसलं की सरळ खाली रोखली जातात. घोड्यावर हवी ती ही तिसरी अवस्था. "सरळ बस" हे वाक्य शंभरदा सांगून जे कळत नाही ते या स्टुलावर दोन मिनिटांत कळतं.

वर बसल्यावर बाजूने बघा: कान, खांदा, कंबर, टाच एका उभ्या रेषेत. घोडा खालून अचानक काढून घेतला तर माणूस पायांवर उभा राहायला हवा, ढुंगणावर आपटायला नको.

आता गुडघे. भीती वाटली की प्रत्येक जण गुडघ्यांनी खोगीर आवळतो, आणि नेमकं तेच त्याला वर उडवतं. ओला साबण मुठीत दाबला की वर सटकतो, तसंच. मांड्या लांब आणि सैल, पोटऱ्या घोड्याच्या अंगाला हलक्या टेकलेल्या, आणि वजन घोट्यातून खाली उतरलेलं असावं. "टाच दाब" असं सांगू नका. दाबली की पाऊल पुढे जातं, घोटा कडक होतो, आणि दुडकीचा हिसका जिरवणारी एक महत्त्वाची स्प्रिंग तुम्हीच बंद केलेली असते. "टाच जड होऊ दे" म्हटलं की पाय वेगळाच वागतो.

हे सगळं मित्राने लगाम हातात न घेता शिकायचं आहे. त्यासाठी लाँजची दोरी लागते, सुमारे आठ मीटरची, आणि दोरीवर फिरायची सवय असलेला, वयाने पोक्त, कंटाळा येईल इतका शांत घोडा. नवशिक्या स्वाराला नवशिका घोडा देणं म्हणजे दोघांचंही नुकसान. दोरी मोहरकीला (घोड्याच्या तोंडावरच्या, कडियाळं नसलेल्या पट्ट्याला) किंवा लाँजच्या नाकपट्ट्याला बांधा, कडियाळ्याला नको. ती हातात घड्या करून धरा. हाताला गुंडाळलीत आणि घोडा बुजला तर बोटं गेली म्हणून समजा. रिंगण निदान पंधरा मीटर व्यासाचं ठेवा. त्याहून लहान गोलात घोड्याचे सांधे आणि मित्राचा तोल, दोन्हींवर ताण येतो. लगामाची गाठ मारून मानेवर ठेवा, पाय अडकेल इतकी खाली लोंबू देऊ नका. आणि घोड्याच्या गळ्यात रिकिबीचा एक जुना पट्टा अडकवा, खांद्याच्या उंचवट्याच्या थोडा पुढे, मित्राचा हात कोपर न ताणता पोचेल असा. पुढचं सगळं या पट्ट्यावर उभं आहे.

एकूण वेळ वीस मिनिटं, दर पाच मिनिटांनी दिशा बदलून. सुरुवातीचे दोन फेरे चालीत, दोन्ही हात पट्ट्यावर. मग एक हात सोडायचा, मग दुसरा, मग दोन्ही आडवे. कमरेतून डावीकडे-उजवीकडे वळणं, उजव्या हाताने डाव्या बुटाला हात लावणं, पुढे वाकून घोड्याच्या मानेवर थाप मारणं. मग दहा पावलं रिकिबीत उभं, दहा पावलं बसून. दोन-तीन मिनिटं रिकिबी सोडूनही चालवा. त्या मानेवर आडव्या टाकताना पट्ट्याचं बक्कल थोडं खाली ओढून घ्या, नाहीतर ते मांडीखाली टोचत राहतं. बिनरिकिबीची दुडकी मात्र पहिल्या दहा धड्यांत नकोच. तिने मांड पक्की होते असं सांगणारे पुष्कळ भेटतील. नवशिका तिच्यातून फक्त आवळायला शिकतो.

दुडकी आठ ते दहा पावलांची. मोजून. सगळ्यांचं चुकतं ते इथे: जमतंय असं दिसलं की अख्खा फेरा मारला जातो, पाऊण फेऱ्यात तोल सुटतो आणि मित्राच्या शरीरात शेवटची आठवण राहते ती धरण्याची. तोल जाण्याआधी थांबवा. आठ पावलं नीट, मग चाल, मग पुन्हा आठ. एका धड्यात असे पंधरा तुकडे झाले तरी पुरे.

या तुकड्यांत त्याला मोठ्याने पावलं मोजायला लावा. आवाज प्रत्येक हिसक्याला थरथरत येत असेल तर उत्तम, श्वास चालू आहे. मोजणं थांबलं की श्वास अडकला, आणि श्वास अडकल्यावर दोन-तीन पावलांत हात लगामाकडे, किंवा आता पट्ट्याकडे, जातातच. कान उघडे ठेवले तर दिसण्याआधी ऐकू येतं.

दुडकीवरची उठबस

दुडकी दोन ठोक्यांची असते: पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकत्र, मग उलट जोडी. एका ठोक्याला खोगिरातून उठायचं, दुसऱ्याला बसायचं. आधी उभ्या घोड्यावर, मग चालीत "एक-दोन, एक-दोन" म्हणत सराव. उठणं म्हणजे उभं राहणं नव्हे. कंबर पुढे, हातांच्या दिशेने सरकते आणि बूड खोगिरापासून मूठभर सुटतं, इतकंच. बाकीचं घोडा ढकलून देतो. जो पावलांनी रेटा देऊन उठतो त्याचे पाय पुढे-मागे झुलतात आणि तो धप्पकन बसतो. घोडा पाठ आकसून घेतो, त्याने पुढचं पाऊल आणखी टणक होतं. फेऱ्यात हे दोघं एकमेकांना बिघडवत जातात.

कुठल्या ठोक्याला उठायचं, याचा नियम आहे: रिंगणाच्या बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे जाताना उठायचं. चुकलं तर लागोपाठ दोन ठोके बसून मग उठलं की बदलतं. पण पहिल्या पाच-सहा धड्यांत हे सांगूच नका. खांद्याकडे बघण्यासाठी मान खाली गेली की पाठ वाकते आणि आत्ताच मिळालेला तोल जातो. नजर समोरच्या कुंपणाच्या खांबावर.

लगाम परत देताना

उठबस पट्ट्याला फक्त बोट लावून जमू लागली की लगाम द्यायचा. त्याआधी जमिनीवर एक प्रयोग करा. लगाम घोड्यावरून उतरवा. मित्राने डोळे मिटून कडियाळं दोन्ही हातांत धरायचं, तुम्ही मागे उभं राहून लगामाच्या दोन्ही वाद्या (चामड्याच्या पट्ट्या) धरायच्या. आधी फक्त करंगळीशेजारचं बोट मिटा. मग सावकाश ओढा. मग एक हिसका द्या. पहिली हालचालही त्याला स्पष्ट कळते, आणि हिसक्याला तो दचकतो. मग जागा बदला. एवढ्याने निम्मा हात आपोआप हलका होतो.

धरायची पद्धत: वादी करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या मधून आत, तळव्यातून वर, तर्जनीवरून बाहेर, वर अंगठा. वादी सरकते ती अंगठा ढिला असल्यामुळे. म्हणून मूठ आवळण्याऐवजी अंगठा टेकवायला शिकवा. मुठी उभ्या, काठोकाठ भरलेले दोन पेले धरल्यासारख्या. कोपरं बरगड्यांपाशी सैल, आणि कोपरापासून घोड्याच्या तोंडापर्यंत एक सरळ रेषा. मुठी कुठे हव्यात तिथे दोन्ही वाद्यांवर रंगीत टेपचा तुकडा गुंडाळून ठेवा. नवशिक्याचा लगाम हळूहळू लांबत जातो, मग थांबवायला त्याला हात पोटात ओढावे लागतात. टेप दिसली की तो स्वतःच आखडून घेतो.

एक बारकावा फार कमी जण सांगतात. चालीत घोडा मान हलवतो, म्हणून हातांनी मानेबरोबर पुढे-मागे जायचं. दुडकीत मान जवळपास स्थिर असते, पण स्वाराचं अंग वर-खाली होतं. म्हणून हात स्थिर आणि कोपर उघडझाप करणारं. उठताना कोपर उघडतं, बसताना मिटतं. कोपर कडक असेल तर प्रत्येक उठण्याबरोबर कडियाळ्याला झटका बसतो, आणि मित्राला आपण ओढतोय याचा पत्ताही नसतो. बाजूने बघा: मुठी घोड्याच्या खांद्याच्या तुलनेत वर-खाली नाचत असतील तर कारण हेच.

आणि इतकं करूनही सवय परतते. त्यावर खात्रीचा उपाय एकच: लगाम धरलेल्या एका हाताची तर्जनी गळ्यातल्या पट्ट्यात अडकवायची. तोल गेला की ओढ पट्टा घेतो आणि तोंड वाचतं. आठवडाभर असंच चालू द्या. कमीपणा वाटायचं कारण नाही.

थांबवणंही याच हाताने. आधी श्वास सोडायचा, खोगिरात जड व्हायचं, मग बोटं मिटायची, आणि घोडा हळू झाला की त्याच क्षणी बोटं उघडायची. उघडणं हेच घोड्याला मिळणारं उत्तर; ते मिळालं नाही तर पुढच्या वेळी तो कशाला थांबेल? घोडा खरोखरच पुढे निघाला तर दोन्ही वाद्या धरून रस्सीखेच करू नये, त्यात माणूस हरतो. एक हात मानेवर टेकवून दुसऱ्याने ओढ-सोड, ओढ-सोड करत मोठ्या गोलात वळवायचं आणि गोल लहान करत जायचं. वेगात असताना एकदम आखूड वळण घेतलं तर घोडा पाय घसरून पडू शकतो. हे आधी चालीत दहा-बारा वेळा करून घ्या. उधळलेल्या घोड्यावर कुणी नवीन काही शिकत नाही.

दोष घोड्याकडे असेल तर

दुसऱ्या चाचणीत घोडा लगामाशिवायही मान फेकत होता, तर क्रमाने बघा. कडियाळं तोंडाच्या कोपऱ्यात एक-दोन सुरकुत्या पडतील इतपत वर असावं. खाली असेल तर दातांवर आपटतं, फार वर असेल तर कोपरे सोलतात. रुंदीला दोन्ही बाजूंना सुमारे अर्धा सेंटिमीटर मोकळं राहावं. खोगीर उतरवून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटांनी हलका दाब देत जा: घोड्याने पाठ खाली घेतली, कान मागे पाडले किंवा शेपूट झाडलं तर तिथे दुखतंय. वैरण चावताना तोंडातून गोळे पडत असतील तर दाढांना धार आली असेल; हे पशुवैद्याकडचं काम. वजनाचा हिशोबही करा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांवर जाऊ नये, म्हणजे ४०० किलोच्या घोड्यावर ८० किलो, सगळं धरून. आपटणारा नवशिका त्याच वजनाच्या सरावलेल्या स्वारापेक्षा पाठीला जड पडतो, तेव्हा थोडं खालीच राहिलेलं बरं.

तुमच्या बाजूने

एका फेऱ्याला एकच सूचना. "टाच, हात, खांदे, वर बघ" हे चारही एकदम ऐकलं की मित्र चारही सोडतो आणि लगाम धरतो. "ओढू नको" ऐवजी "पट्ट्याला बोट लाव" म्हणा, म्हणजे त्याला करायला काहीतरी मिळतं.

चालीतून कँटरला (दुडकीहून जलद दौडीला) जाताना, घोडा बदलल्यावर किंवा रिंगणातून बाहेर मोकळ्यावर नेल्यावर लटकणं परत येणारच. तेव्हा समजावत बसू नका. पहिली दहा मिनिटं दोरी आणि पट्टा, मग पुढे.

आणि दमलेल्या मित्राकडून काही अपेक्षा ठेवू नका. साधारण अर्ध्या तासाने मांड्यांच्या आतल्या बाजूचे स्नायू थरथरायला लागतात, पाय घोड्याला टेकत नाहीत आणि तोल पुन्हा हातात जातो. तिथेच धडा संपवा. उतरताना दोन्ही पाय रिकिबीतून काढूनच, पुढे वाकून, उजवा पाय मागून आणत, पोटावर घसरत खाली. पाय जमिनीला लागले की गुडघे लटपटतात, म्हणून त्याला दोन क्षण खोगीर धरून उभं राहू द्या, आणि लगाम तेवढा हातातून सुटू देऊ नका.